तिकिटाच्या मागची बाजू

लालबागच्या आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत एक काका राहायचे. गिरणीत कामाला होते. पगाराच्या दिवशी घरी येताना वाणसामानाच्या पिशवीसोबत ते राज्य लॉटरीचं एक तिकीट आणत. एकच. ते देव्हाऱ्यातल्या लक्ष्मीच्या तसबिरीमागे सरकवून ठेवत आणि सोडतीच्या दुसऱ्या दिवशी चाळीतल्या सामाईक वर्तमानपत्रात निकालाच्या बारीक आकड्यांवरून बोट फिरवत बसत. एखाददुसऱ्या वेळी शेवटचे आकडे जुळून तिकिटाचे पैसे सुटले असतील, त्यापलीकडे काही नाही. काकू करवादल्या की काका शांतपणे म्हणायचे, "अगं, मटक्यावर तर लावत नाही ना? नाही लागली तरी पैसा सरकारात गेला. कुठं शाळा होईल, कुठं रस्ता होईल."

हे पुस्तक त्या एका वाक्याच्या पाठपुराव्यातून झालं. पैसा खरंच सरकारात गेला का? किती गेला? आणि गेला असेल, तर शाळा-रस्त्यापर्यंत पोचला का? काकांना हे प्रश्न पडले नाहीत, कारण तिकिटावर राज्याची मोहोर होती आणि त्यांच्या लेखी मोहोर म्हणजेच हिशेब होता. त्या विश्वासाबद्दल मला आजही आदर वाटतो. म्हणूनच तो विश्वास कितपत पाळला गेला, हे तपासावंसं वाटलं.

आधी शब्दाचा घोळ दूर करू. मुंबईत 'लॉटरी' म्हटलं की अनेकांना म्हाडाच्या घरांची सोडत आठवते. ती नावापुरती लॉटरी आहे. तिथे ज्याचं नाव निघत नाही, त्याची अनामत रक्कम परत मिळते. खऱ्या लॉटरीत न लागलेल्यांचे पैसे परत येत नाहीत. त्यांच्याच पैशांतून लागलेल्याचं बक्षीस उभं राहतं. चिठ्ठी दोन्हीकडे निघते, पण पहिली वाटणी आहे आणि दुसरा जुगार. 'जुगार' हा शब्द मी रागाने वापरत नाही. १९९९ साली बी. आर. एंटरप्रायझेसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी लॉटरीबद्दल हेच म्हटलं: राज्याने चालवली म्हणून तिचं जुगारपण जात नाही.

आणि राज्याने जुगार हाती घेणं हे काही आजचं नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात फाशांनी घर गमावलेल्या जुगाऱ्याचं सूक्त आहे. महाभारताचा सगळा अनर्थ द्यूतसभेतून सुरू होतो. तरीही कौटिल्याने द्यूतावर सरसकट बंदी सुचवली नाही. त्याने द्यूताध्यक्ष नेमायला सांगितला, खेळ एकाच ठरलेल्या जागी व्हावा म्हटलं, आणि जिंकलेल्या रकमेतला शंभरात पाच हिस्सा राजाचा ठरवला. लोक खेळणारच, तर आपल्या नजरेखाली खेळोत आणि तिजोरीतही काही पडो, या विचाराची मुळं इतकी खोल आहेत. १९५७ साली मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला या खटल्यात शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचा प्रश्न आला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने वेद आणि महाभारताचेच दाखले देऊन सांगितलं की जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे. खाजगी माणसाला जुगाराचा धंदा करण्याचा मूलभूत हक्क नाही. राज्याला मात्र तो चालवण्याचा अधिकार आहे, आणि ज्या गोष्टीचा हक्क इतर कोणालाच नाही, ती करताना राज्याची जबाबदारी वाढते. या पुस्तकाची सगळी मांडणी या एका मुद्द्यावर उभी आहे.

इंग्रजी अमदानीत लॉटरी हे सार्वजनिक कामांसाठी पैसा उभारण्याचं राजरोस साधन होतं. कोलकात्यात १८१७ साली चक्क लॉटरी समितीच नेमली गेली आणि तिच्या पैशांतून शहरातले रस्ते आणि तलाव झाले. मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर आपण सगळे कधी ना कधी बसलो आहोत. त्या टाउन हॉलसाठीही लॉटरी काढली होती. ते पैसे पुरले नाहीत, उरलेला भार सरकारने उचलला आणि १८३३ साली इमारत पुरी झाली. त्या काळच्या लॉटरीत एक गुण होता. आधी काम ठरायचं, मग तिकिटं निघायची. तिकीट घेणाऱ्याला आपला पैसा कोणत्या दगडात गेला, हे बोटाने दाखवता यायचं. पुरला नाही, तर तेही डोळ्यांना दिसायचं.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. घटनेच्या सातव्या परिशिष्टात जुगार हा राज्यांचा विषय आहे, पण केंद्राने किंवा राज्यांनी चालवलेली लॉटरी केंद्रसूचीत, चाळिसाव्या नोंदीत गेली. म्हणजे लॉटरी राज्य चालवणार आणि तिचा कायदा संसद करणार. पहिलं पाऊल केरळने टाकलं. ई. एम. एस. नंबूदिरीपाद यांच्या मंत्रिमंडळातले अर्थमंत्री पी. के. कुंजू यांनी खाजगी लॉटऱ्या बंद करून सरकारी लॉटरी आणली. १ नोव्हेंबर १९६७ला तिकीटविक्री सुरू झाली. तिकीट एक रुपयाचं, पहिलं बक्षीस ५० हजारांचं, पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ची.

महाराष्ट्राची लॉटरी १२ एप्रिल १९६९ला सुरू झाली, आणि तिच्यामागचं कारण गिरणगावातल्या कोणालाही सांगावं लागलं नसतं. ते कारण मटका. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर आकडे लावण्याचा खेळ मुंबईत रुजला होता. ते भाव यायचे थांबले तेव्हा मटक्यातून आकडे निघू लागले, आणि गिरणी कामगाराच्या पगाराला रोज संध्याकाळी गळती लागली. लोकांना बेकायदा आकड्यापासून वळवावं आणि तो पैसा राज्याच्या विकासाकडे यावा, या हेतूने राज्याने स्वतःचं तिकीट काढलं. काकांचं "मटक्यावर तर लावत नाही ना" हे वाक्य म्हणजे त्या धोरणाचाच घरगुती अनुवाद होता. धोरण एका माणसाच्या बाबतीत तरी सफल झालेलं मी पाहिलं आहे.

आता यंत्रणा पाहू. छापील लॉटरीचं तिकीट म्हणजे मालिकेची अक्षरं आणि एक क्रमांक. समजा सहा आकडी क्रमांक आणि दहा मालिका आहेत. मग एकूण तिकिटं एक कोटी, आणि पहिलं बक्षीस त्यातल्या एकाला. दर आठवड्याला न चुकता एक तिकीट घेणाऱ्या माणसाला ते बक्षीस लागायला सरासरी एक लाख नव्वद हजारांवर वर्षं लागतील. हे गणित तिकीट घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. त्याला दिसतात ती छोटी बक्षिसं: शेवटचे चार आकडे जुळले की काही शे किंवा काही हजार रुपये. असे वीस क्रमांक काढले, तर पाचशेत एकाला काहीतरी मिळतं. म्हणजे प्रत्येक वस्तीत, प्रत्येक नाक्यावर कोणाला तरी लागलेलं असतं. मोठं बक्षीस आशा जागवतं, पण ती आशा जिवंत ठेवण्याचं काम ही छोटी बक्षिसंच करतात. लॉटरीची रचना करणाऱ्यांचं सगळं कसब या वाटपात असतं.

या रचनेला चौकट घातली ती १९९८च्या लॉटरी नियमन कायद्याने आणि पुढे २०१०च्या नियमांनी. एका अंकावर किंवा आधीच जाहीर केलेल्या आकड्यावर बक्षीस नको. तिकिटं राज्याने छापावीत, त्यावर राज्याचं बोधचिन्ह असावं. सोडत राज्याने स्वतः आणि राज्याच्या हद्दीतच काढावी. विक्रीचा पैसा राज्याच्या लोकलेख्यात जमा व्हावा. कोणी न मागितलेलं बक्षीस राज्याचं व्हावं. वर्षात सहापेक्षा जास्त बंपर, म्हणजे खास मोठ्या बक्षिसांच्या, सोडती नकोत, आणि कोणत्याही लॉटरीची सोडत आठवड्यातून एकदाच व्हावी. यातली प्रत्येक अट कोणत्या ना कोणत्या गैरप्रकाराचं उत्तर आहे. एका अंकाची लॉटरी म्हणजे सरकारी शिक्क्याचा मटकाच होता. पण आठवड्यातून एकदाच्या अटीला वाट सापडली: सात वारांच्या सात वेगवेगळ्या नावांच्या लॉटऱ्या. नियम अक्षरशः पाळला गेला आणि सोडत मात्र रोजची झाली.

कायद्यातला सर्वांत कळीचा प्रश्न दुसऱ्या राज्याच्या तिकिटांचा आहे, आणि त्यात महाराष्ट्राने ठेच खाल्लेली आहे. बाहेरच्या राज्यांच्या तिकिटांची इथली विक्री रोखण्याचा आपल्या सरकारचा प्रयत्न १९८४ साली एच. अनराज यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. पुढे १९९८च्या कायद्याने राज्यांना तसा अधिकार दिला, पण बी. आर. एंटरप्रायझेसच्या १९९९च्या निकालाने त्याला एक अट जोडली: परक्या लॉटऱ्या बंद करायच्या तर आधी स्वतःची बंद करा. आपलं तिकीट चालू आणि शेजाऱ्याचं बंद, हे चालणार नाही. तामिळनाडूने २००३ साली आणि कर्नाटकाने २००७ साली सगळंच बंद करून हा प्रश्न सोडवला. महाराष्ट्राने आपली लॉटरी ठेवली, त्यामुळे इतर राज्यांच्या लॉटऱ्याही इथल्या बाजारात राहिल्या. मुंबईतल्या कोणत्याही रेल्वे स्थानकाबाहेरच्या टपरीवर नागालँड, सिक्कीम, मिझोराम ही नावं का दिसतात, याचं उत्तर या निकालात आहे.

आता येऊ पैशाकडे. ५० रुपयांचं एक तिकीट समोर ठेवा. २२ सप्टेंबर २०२५पासून लॉटरीवर वस्तू व सेवा कर ४० टक्के आहे. त्याआधी, मार्च २०२०पासून, तो २८ टक्के होता. तिकिटाच्या किमतीत कर धरलेला असल्याने ५० रुपयांतले १४ रुपये २९ पैसे करात जातात, निम्मे केंद्राकडे आणि निम्मे राज्याकडे. उरले ३५ रुपये ७१ पैसे. समजा त्यातला साठ टक्के भाग बक्षिसांना आणि पंचवीस टक्के विक्रेत्यांच्या साखळीला दिला. हे प्रमाण मी हिशेब कळावा म्हणून धरतो आहे. ते लॉटरीगणिक बदलतं. बक्षिसांचे २१ रुपये ४३ पैसे आणि विक्रेत्यांचे ८ रुपये ९३ पैसे गेल्यावर हाती राहतात ५ रुपये ३५ पैसे. त्यातून छपाई, जाहिरात, कार्यालय आणि सोडतीचा खर्च. त्यानंतर जे उरेल तो नफा.

या साध्या बेरीज-वजाबाकीने माझा स्वतःचा एक समज मोडला. लॉटरीतून सरकारला काय मिळतं, या प्रश्नाचं उत्तर मी वर्षानुवर्षं 'नफा' या रकान्यात शोधत होतो. खरा मोठा वाटा कराच्या रकान्यात आहे. बक्षिसाची रक्कम वजा करून उरलेल्यावरच कर घ्यावा, असा युक्तिवाद स्किल लोट्टो या कंपनीच्या खटल्यात झाला होता. डिसेंबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि बक्षिसासकट तिकिटाच्या दर्शनी किमतीवर कर योग्य ठरवला. शिवाय जिंकणाऱ्याला ३० टक्के आयकर आहेच. केरळच्या ओणम बंपरचं पहिलं बक्षीस २०२२पासून २५ कोटींचं आहे. त्यातून तिकीट विकणाऱ्या एजंटचे दहा टक्के, म्हणजे अडीच कोटी जातात. उरलेल्या साडेबावीस कोटींवर पावणेसात कोटी आयकर कापला जातो. हाती पडतात पावणेसोळा कोटी, आणि अधिभार व उपकर त्यानंतर भरायचे असतात. म्हणजे एकाच पैशाला दोनदा कर लागतो: तिकीट घेताना सगळ्यांकडून आणि जिंकताना एकाकडून. काकांचा पैसा सरकारात जात होता, यात शंका नाही. आज तो आणखी जास्त जातो.

मग तो कुठे पोचतो? अर्थसंकल्पाच्या जाडजूड पुस्तकांत '००७५, संकीर्ण सर्वसाधारण सेवा' नावाचं एक लेखाशीर्ष असतं. राज्य लॉटरीची जमा तिथे दिसते आणि खर्च '२०७५'खाली. त्यातली शिल्लक राज्याच्या सगळ्या पैशात मिसळते. मिठाचा खडा विहिरीत टाकावा, तसा तो रुपया विरघळतो. कोणत्या शाळेच्या कोणत्या भिंतीत तो गेला, हे कोणीही सांगू शकत नाही. लपवाछपवीचा इथे प्रश्न नाही. तो वेगळा ठेवलेलाच नसतो. महाराष्ट्राच्या अवाढव्य अर्थसंकल्पात लॉटरीचा नफा चिमूटभर आहे. मग ती बंद का करत नाही? कारण तिच्याबरोबर सगळ्याच लॉटऱ्या बंद केल्या तर इतर राज्यांच्या तिकिटांवर मिळणारा कराचा वाटाही सोडावा लागेल. चालू ठेवायची तर ती नीट चालवावी, हाही विचार अधूनमधून उचल खातो आणि त्या वेळी सगळ्यांची नजर केरळकडे जाते.

केरळकडे नजर जाण्यासारखंच आहे. तिथली लॉटरी सरकार स्वतः चालवतं, मध्ये ठेकेदार वितरक नाही. वर्षाची उलाढाल अलीकडे दहा हजार कोटींच्या पुढे गेली आहे. रस्त्यावर तिकिटं विकणाऱ्यांत म्हातारी माणसं आणि अपंग मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्यासाठी कायद्याने कल्याण निधी मंडळ आहे. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे अर्थमंत्री के. एम. मणी यांच्या काळात 'कारुण्य' या नावाची लॉटरी आणि तिच्या उत्पन्नावर आधारलेला कारुण्य सहाय्य निधी सुरू झाला. कर्करोग, हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार अशा खर्चिक दुखण्यांसाठी गरिबांना त्यातून मदत मिळू लागली. तिकिटाला आणि रुग्णाला जोडणारा धागा लोकांना दिसला, आणि मला वाटतं, एवढ्या एका गोष्टीने त्या लॉटरीची प्रतिष्ठा उंचावली.

पण धाग्याबद्दलही सावध असायला हवं. एखाद्या निधीत लॉटरीचे शंभर कोटी आले आणि त्याच वर्षी आरोग्याची नेहमीची तरतूद शंभर कोटींनी आखडली, तर रुग्णाच्या हाती नवं काही पडत नाही. फक्त पाटी बदलते. म्हणून लॉटरीचा पैसा चांगल्या कामाला जातो, असं कोणतंही सरकार म्हणालं की एक प्रश्न विचारायचा: हा पैसा आला नसता, तर हे काम थांबलं असतं का? या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत मिळालं, तरच दावा खरा.

दुसऱ्या टोकाला आहेत वितरकांच्या हाती लॉटरी सोपवणारी राज्यं. राज्य लहान, तिथली लोकसंख्या मोजकी, पण तिकीट विकलं जातं शेकडो मैलांवरच्या दुसऱ्या राज्यांत. वितरक राज्याला ठरलेली किमान रक्कम देतो आणि बाजार तो सांभाळतो. उलाढाल कितीही वाढली, तरी ज्याचं बोधचिन्ह तिकिटावर आहे त्या राज्याच्या पदरात त्या मानाने थोडंच पडतं. या धंद्याचा आकार किती मोठा आहे, हे मार्च २०२४मध्ये देशाला दिसलं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने राजकीय पक्षांना देणगी देण्यासाठीच्या निवडणूक रोख्यांची यादी उघड झाली, तेव्हा सर्वाधिक रोखे घेणारी कंपनी लॉटरी वितरणातली निघाली. फ्यूचर गेमिंग अँड हॉटेल सर्व्हिसेस या कंपनीने १,३६८ कोटींचे रोखे घेतले होते. रोखे घेतले तेव्हा ते कायदेशीर होते. तरी तो आकडा वाचताना मला देव्हाऱ्यातलं एक तिकीट आठवलं. "पैसा सरकारात गेला" या वाक्याला आणखीही वाटा फुटतात, हे त्या दिवशी कळलं.

पुढच्या प्रकरणांत हे सगळं विस्ताराने येईल: मटका आणि तिकिटाचं नातं, खटल्यांचा प्रवास, तिकीट छापण्यापासून सोडतीपर्यंतचा क्रम, केरळची वाट, वितरकांची वाट, आणि टपरीवर दिवसभर उभ्या असलेल्या विक्रेत्याचं जगणं. वाचकाने कोणत्याही प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. पण माझी भूमिका आधीच सांगायला हवी, म्हणजे पुढचं वाचताना ती पारखता येईल.

लॉटरी बंद करा, असं मी म्हणत नाही. बंदीनंतर आकडा गल्लीत जातो आणि गल्लीतल्या आकड्याला ना कायदा ना बक्षिसाची हमी, हे गिरणगावाने भोगलं आहे. लॉटरी म्हणजे निरुपद्रवी करमणूक, असंही मी म्हणणार नाही. टपरीपाशी मी तासन्‌तास उभा राहिलो आहे. तिथे तिकीट घेताना मी पाहिले ते हमाल, रिक्षाचालक, सुरक्षारक्षक, घरकाम करणाऱ्या बाया. ज्यांना कष्टातून कोटभर रुपये कधी दिसणार नाहीत, हे ठाऊक असलेली माणसं. लॉटरी हा लोक आपणहून भरतात असा कर आहे. आयकर चुकवणारे खूप असतात. हा कर माणूस रांगेत उभा राहून, नमस्कार करून भरतो. इतक्या श्रद्धेने दिलेल्या पैशाचा हिशेब इतर कोणत्याही करापेक्षा काटेकोर असायला हवा.

म्हणून माझं मागणं तीन गोष्टींचं आहे. पहिलं बक्षीस लागण्याची शक्यता किती, हे तिकिटाच्या दर्शनी बाजूला, बक्षिसाच्या रकमेइतक्याच ठळक अक्षरांत छापावं. दरवर्षी लॉटरीची जमा, बक्षिसं, वितरकांचा वाटा, न मागितलेली बक्षिसं आणि उरलेला नफा यांचं स्वतंत्र विवरण मराठीत विधिमंडळापुढे यावं आणि ते कोणालाही वाचायला मिळावं. आणि नफा एका ठरलेल्या कामाला बांधावा, त्या कामाच्या नेहमीच्या तरतुदीला कात्री न लावता.

तिकिटाच्या मागच्या बाजूला आज विजेत्याने नाव, पत्ता लिहून सही करायची जागा असते. काकांनी ती कधी भरली नाही. भरण्याची वेळच आली नाही. दर सोडतीला लाखो तिकिटांवर ती जागा तशीच कोरी राहते आणि तिकीट रद्दीत जातं. ५० रुपयांतले किती कराला, किती बक्षिसांना, किती विक्रेत्याला, किती कोणत्या रुग्णालयाला किंवा शाळेला, एवढ्या चार ओळी त्या जागेच्या शेजारी सहज मावतील. ज्यांना लॉटरी कधीच लागणार नाही, त्यांना वाचण्यासाठी तिकिटावर एवढं तरी असलं पाहिजे.